कांट आधी की हेगेल?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

कांट, फिख्ते, शेलिंग आणि हेगेल या चौघांचे, ढोबळमानाने १७८१ ते १८३१ या पन्नास वर्षांतले तत्त्वज्ञान म्हणजे जर्मन चिद्वाद (आयडियलिझम). ते वाचायला कुठून सुरुवात करावी, अशी विचारणा करणारी पत्रे साठली होती. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. कांटच्या ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’चा उल्लेख सोयीसाठी सगळीकडे ‘पहिली चिकित्सा’ असा केला आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर हेगेलचे ‘फेनोमेनॉलॉजी ऑफ स्पिरिट’ हौसेने विकत घेतले. प्रस्तावनेच्या पंधराव्या पानावर गाडी रुतली ती रुतलीच. सगळी नोकरी इंग्रजी कागदपत्रांत गेली, म्हणजे भाषेची अडचण नाही. मग अडते कुठे?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : अडते ते प्रस्तावनेपाशीच. हेगेलने ती सर्वांत शेवटी लिहिली. ग्रंथाचा मजकूर संपत आला तो १८०६ च्या ऑक्टोबरात, नेपोलियनचे सैन्य येना शहरात शिरत होते तेव्हा. प्रस्तावना हातावेगळी झाली १८०७ च्या जानेवारीत. ती या ग्रंथाची ओळख करून देत नाही. पुढे रचायच्या सबंध प्रणालीचा तो जाहीरनामा आहे, आणि त्यात समकालीनांना नाव न घेता हाणलेले टोले जागोजागी आहेत. ‘ज्या रात्री सगळ्या गाई काळ्याच’ हे वाक्य शेलिंगच्या पंथाला उद्देशून आहे, हे माहीत नसेल तर वाक्याचा अर्थ लागूनही ते तिथे का आले ते कळत नाही.

आपल्याकडे मिलर यांचा अनुवाद असेल तर त्यात परिच्छेदांना १ ते ८०८ असे क्रमांक असतील. पहिले ७२ परिच्छेद म्हणजे ही प्रस्तावना. ते शेवटी वाचायचे. ७३ ते ८९ हे सतरा परिच्छेद म्हणजे ग्रंथाचा खरा उंबरठा. त्याला ‘इंट्रोडक्शन’ म्हणतात आणि ते प्रस्तावनेहून वेगळे आहे. पण आज तिथेही जाऊ नका. त्याच्या पहिल्याच परिच्छेदात हेगेल एका मताला धरतो : सत्याकडे वळण्याआधी ज्ञान या साधनाचीच तपासणी करायला हवी, हे ते मत. हा रोख कांटच्या उपक्रमावर आहे. तो उपक्रम ठाऊक नसलेल्या वाचकाला भांडणाची एकच बाजू ऐकू येते.

म्हणून आधी कांट. मात्र कांट संपवून मग हेगेल, असाही हट्ट नको. तसे करायला गेलात तर हेगेलची पाळी येणारच नाही. कांटचे एक छोटे पुस्तक आणि मोठ्यातली निवडक शंभर-सव्वाशे पाने एवढे पुरे. ते होईपर्यंत हेगेलची हातोटी चाखून पाहायची असेल तर त्याचा ‘अमूर्त विचार कोण करतो?’ हा चारपाच पानांचा लेख मिळवा. फाशीला नेल्या जाणाऱ्या माणसाकडे पाहणाऱ्यांना त्याच्यात फक्त खुनी दिसतो, आणि एका माणसाचे बाकी सगळे माणूसपण त्या एका शब्दाखाली पुसून टाकणे म्हणजेच अमूर्त विचार, असे तो त्यात दाखवतो. अमूर्त विचार पंडित करतात, बाजारातली माणसे नव्हेत, ही आपली समजूत तो तिथेच उलटी करतो. पुढच्या हजार पानांत हेगेल ‘अमूर्त’ हा शब्द याच अर्थाने वापरतो.

प्रश्न : कांटपासून सुरुवात करायची हे मान्य. पण कांटमध्ये कुठून, किती आणि कशी? मी शाळेत गणित शिकवते. रोज तासभर काढू शकेन.
— एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : ‘प्रोलेगोमेना’पासून. पहिली चिकित्सा १७८१ मध्ये निघाली. १७८२ च्या जानेवारीत ग्योटिंगेनच्या एका नियतकालिकात तिचे निनावी परीक्षण आले आणि त्यात कांटला, मनाबाहेर जडवस्तू नाहीतच म्हणणाऱ्या बर्कलीच्या पंगतीत बसवले होते. कांट संतापला. १७८३ मध्ये त्याने हे दीड-दोनशे पानांचे पुस्तक काढले. मोठ्या ग्रंथाची वाट सोपी करणे आणि त्या परीक्षकाला उत्तर देणे, असे दोन्ही हेतू त्यात आहेत. पुस्तकात साठ कलमे आहेत. १ ते ५ मध्ये प्रश्न मांडला आहे, ६ ते १३ मध्ये गणित, १४ ते ३९ मध्ये निसर्गविज्ञान आणि ४० पासून पुढे अतिभौतिकी (मेटॅफिजिक्स).

आपण गणित शिकवता, तेव्हा दुसरे कलम नीट थांबून वाचा. सात अधिक पाच बरोबर बारा. कांट म्हणतो, ‘सात’, ‘पाच’ आणि ‘बेरीज’ या कल्पनांचे कितीही पृथक्करण केले तरी त्यांतून ‘बारा’ निघत नाही. त्यासाठी बोटे, ठिपके असे काहीतरी समोर मांडून एकेक मोजावे लागते. तरीही हे विधान अनुभवाने खरे-खोटे ठरत नाही. माहितीत भर घालणारे, पण अनुभवावर न टेकलेले असे विधान शक्य कसे होते, हाच त्याचा मूळ प्रश्न. सगळा ग्रंथ त्याच्याभोवती फिरतो. तेराव्या कलमात हातमोज्याचे उदाहरण आहे : डाव्या आणि उजव्या हाताचे वर्णन अंतर्गत मापांनी केले तर तंतोतंत सारखे, पण डाव्याचा मोजा उजव्याला बसत नाही. दोन्ही तळवे समोर धरूनच तो परिच्छेद वाचावा.

या पुस्तकाची एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. ‘प्रोलेगोमेना’त गणित आणि विज्ञान खरे आहेत हे गृहीत धरून कांट मागे त्यांच्या अटींकडे जातो. पहिल्या चिकित्सेत तो उलट दिशेने, अटींकडून पुढे येतो. त्यामुळे छोटे पुस्तक वाचून ‘कांटने हे सिद्ध कुठे केले?’ अशी शंका आली तर शंका बरोबर आहे. सिद्धता तिथे नाही, मोठ्या ग्रंथात आहे.

मोठ्या ग्रंथात शिरताना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ चालत जाऊ नका. मूळ पहिली आवृत्ती ८५६ पानांची, १७८७ ची दुसरी ८८४ पानांची. चांगल्या अनुवादांत या दोन आवृत्त्यांची पाने ‘ए’ आणि ‘बी’ अशा आकड्यांनी समासात दिलेली असतात. पुस्तक घेण्याआधी किंवा ग्रंथालयातून उचलण्याआधी समास पाहा. आकडे नसतील तर ती प्रत ठेवून द्या. फुकट उतरवून घेता येणाऱ्या जुन्या प्रतींत बहुधा ते नसतात.

क्रम असा ठेवा : दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना, मग उपोद्घात (बी १ ते ३०), मग अवकाश आणि काल यांवरचा ‘ईस्थेटिक’ हा भाग. इथून पुढे प्रत्येक वाचक ‘डिडक्शन’वर, म्हणजे आकलनाच्या मूलभूत कल्पना अनुभवाला का लागू पडतात याच्या सिद्धतेवर आदळतो आणि बरेच जण तिथूनच परत फिरतात. कांटने स्वतः हा भाग दुसऱ्या आवृत्तीसाठी जवळजवळ पूर्ण नव्याने लिहिला, यावरून त्याची अवघड जात ओळखावी. तो सोडून पुढे उडी मारा, थेट ‘दुसऱ्या अॅनॉलॉजी’कडे, म्हणजे बी २३२ पासूनच्या कार्यकारणभावावरच्या भागाकडे.

तिथे घर आणि जहाज अशी दोन उदाहरणे आहेत. ती पणजीत मांडवीच्या काठावर उभे राहून मनाशी घोळवता येतात. आदिलशहाच्या जुन्या वाड्याकडे पाहताना मी आधी छप्पर पाहीन, मग दार. किंवा आधी दार, मग छप्पर. क्रम माझ्या मर्जीचा. आता नदीतून समुद्राकडे चाललेली बार्ज पाहा. ती आधी वरच्या अंगाला दिसते, मग खालच्या. इथे क्रम मला उलटा करता येत नाही. पण दोन्ही वेळा माझ्या मनात दृश्ये एकामागून एकच येतात. मग वाड्यात काही घडत नाही आणि नदीत काही घडते आहे, हा फरक मी केला कशावरून? कांटचे उत्तर : दुसऱ्या क्रमाला मी नियमाने बांधलेला मानतो म्हणून. कार्यकारणभाव घटना पाहून पाहून शिकावा असा नाही. तो हाताशी असल्याशिवाय ‘घटना’ म्हणून काही पाहताच येत नाही. कार्यकारणभाव ही नुसती मनाची सवय आहे म्हणणाऱ्या ह्यूमला दिलेले हे उत्तर आहे. इथे वाचकाचा नेहमीचा घोटाळा असा होतो की ‘आधीची स्थिती ही नंतरच्या स्थितीचे कारण’ असे कांट म्हणतो, असे त्याला वाटते. कांट तसे म्हणत नाही. बार्ज वर होती हे तिच्या खाली येण्याचे कारण नव्हे. कारण प्रवाह किंवा इंजिन असेल. बदल कोणत्या तरी नियमाखाली घडला, एवढेच तो म्हणतो.

यानंतर ‘रिफ्यूटेशन ऑफ आयडियलिझम’ (बी २७४ ते २७९), मग ‘फिनॉमिना आणि नूमिना’ (वस्तू आपल्याला दिसते तशी आणि स्वतःत असते तशी) हे प्रकरण, मग चार अँटिनॉमी, म्हणजे परस्परविरोधी विधानांच्या चार जोड्या. मगच मागे वळून डिडक्शन, आणि तीही दुसऱ्या आवृत्तीतली, कलमे १५ ते २७. आता ती पचते, कारण तिचे काम काय हे तुम्ही पुढे जाऊन पाहून आलेला असता.

रोजच्या तासात अडीच-तीन पानांहून जास्त नको. पहिल्यांदा पेन्सिल न घेता वाचा. दुसऱ्यांदा प्रत्येक परिच्छेदापुढे तीनपैकी एक खूण करा : इथे प्रश्न आहे, दावा आहे की कारण आहे. तिसऱ्यांदा त्या परिच्छेदाचे मराठीत एक वाक्य लिहा. वाक्य जमले नाही तर कोरी ओळ सोडून पुढे जा, थबकू नका. पुढच्या पाच पानांत कांट तेच पुन्हा सांगतो, ही त्याची खोड वाचकाच्या पथ्यावर पडते. जूनमध्ये सुरुवात केलीत तर चवथीपर्यंत ‘प्रोलेगोमेना’ दोनदा वाचून होईल, आणि दिवाळीपर्यंत वरची निवडक पाने.

‘ट्रान्सेन्डेन्टल’ हा शब्द दर पानावर भेटेल. अनुभवापलीकडचे, दैवी, गूढ असा त्याचा अर्थ लावलात की सगळे बिघडते. अनुभव शक्य होण्याच्या अटींविषयीचा विचार, एवढाच अर्थ धरून चाला.

प्रश्न : आमच्या घरी मांडूक्यकारिका वाचण्याची परंपरा आहे. जग मनाचाच खेळ आहे हे गौडपादाचार्यांनी केव्हाच सांगितले. मग कांट-हेगेल वेगळे काय सांगतात? अद्वैताच्या आधाराने वाचले तर सोपे जाईल ना?
— एक वाचक, कवळे

उत्तर : सुरुवातीला सोपे जाईल आणि मग चुकीच्या गावाला पोचाल. कारिकांच्या वैतथ्य प्रकरणात जागेपणीच्या पदार्थांना स्वप्नातल्या पदार्थांच्या ओळीत बसवले आहे. कांटचे म्हणणे बरोबर उलटे आहे. बी २७४ पासूनच्या पानांत तो असे सिद्ध करू पाहतो की माझ्या मनातल्या घडामोडींचा कालक्रम मला कळतो, याचाच अर्थ माझ्याबाहेर अवकाशात टिकून राहणारे काहीतरी आहे. बाहेरच्या वस्तू मनाहून जास्त संशयास्पद नाहीत. कांटच्या इंग्रजी अनुवादात ‘अपिअरन्स’ दिसले की आपला हात ‘आभास’ असे लिहायला जातो, तो आवरा. बी ६९ वर कांट स्वतःच बजावतो की पदार्थ बाहेर असल्याचे नुसते भासते, असे मी म्हणत नाही.

वस्तू स्वतःत कशी आहे हे अज्ञेय, असे कांट म्हणतो. ते अज्ञेय म्हणजे ब्रह्म नव्हे. ब्रह्माचा साक्षात्कार होतो, निदान होऊ शकतो. कांटच्या वस्तुस्वरूपाचे ज्ञान माणसाला कोणत्याही मार्गाने होणे नाही. आत्म्याच्या बाबतीत तर तो आणखी कडक. ‘मी विचार करतो’ यातून आत्मा हे एक, शुद्ध, अविनाशी तत्त्व आहे असे अनुमान काढणे हा त्याच्या मते तर्कदोष आहे, आणि ‘पॅरालॉजिझम’ हे सबंध प्रकरण त्यासाठीच आहे.

हेगेलने भारतीय विचारावर प्रत्यक्ष लिहिले आहे. भगवद्गीतेवरच्या जर्मन भाषापंडित हुम्बोल्टच्या व्याख्यानांचे दीर्घ परीक्षण त्याने १८२७ मध्ये केले. ब्रह्म ही सगळे भेद गिळणारी रिकामी एकता आहे, असा त्याचा आक्षेप. त्याला संस्कृत येत नव्हते, हाताशी होते ते अनुवाद. आक्षेप अन्यायाचा आहे असे म्हणायला पुरेपूर जागा आहे. पण हेगेलला काय नको होते हे त्यातून स्पष्ट कळते, म्हणून ते वाचावे.

तुमच्या परंपरेचा एक खरा उपयोग आहे. पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचा आणि मग उत्तर द्यायचे, ही सवय कांटच्या अँटिनॉमी वाचताना कामाला येते. तिथे दोन परस्परविरोधी विधाने सिद्धतेसह शेजारी-शेजारी मांडली आहेत. मात्र यातला सिद्धान्त कोणता, असे शोधू नका. पहिल्या दोन जोड्यांत दोन्ही विधाने खोटी, पुढच्या दोन जोड्यांत दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. तुलनेची वही वेगळी ठेवा, आणि पहिले तीन महिने ती उघडू नका.

प्रश्न : मराठीतून काय वाचता येईल? ‘गीतारहस्य’ घरात आहे, त्यात कांटचे नाव बऱ्याचदा येते.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : येते, आणि त्याच्याबरोबर ग्रीनचेही येते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये छापल्या गेलेल्या त्या ग्रंथात टिळकांचा मोठा आधार टी. एच. ग्रीनच्या नीतिशास्त्राचा आहे. ग्रीन हा ऑक्सफर्डचा. कांट आणि हेगेल यांना इंग्रजी साच्यात एकत्र ओतणाऱ्यांपैकी. म्हणजे ‘गीतारहस्या’तला कांट हा बराचसा ग्रीनच्या चष्म्यातून दिसणारा कांट आहे. तो वाचा, पण कांटची साक्ष म्हणून उद्धृत करू नका. मराठी विश्वकोशातल्या कांट आणि हेगेलवरील नोंदी वाचनाआधी नकाशासारख्या उपयोगी पडतात. परिभाषा अडली तर दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ पाहावा. पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा विद्यापीठात त्याची चौकशी करा. मूळ ग्रंथासाठी मात्र इंग्रजी अनुवादाकडे वळावेच लागेल.

प्रश्न : फिख्ते म्हणतो ‘मी’नेच जग निर्माण केले. शिकल्यासवरल्या माणसाने असे लिहावे? की मीच चुकीचे वाचतो आहे?
— एक वाचक, केपे

उत्तर : चुकीच्या पुस्तकातून वाचत आहात. १७९४-९५ चा ‘विसेनशाफ्टस्लेर’ हा फिख्तेचा मुख्य ग्रंथ मुळात येना विद्यापीठातल्या वर्गात वाटलेल्या छापील टिपणांचा आहे. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना तोंडी समजावून सांगण्याच्या भरवशावर ती लिहिलेली; आपल्या हाती टिपणे आहेत, तोंडी भाग नाही. तो बाजूला ठेवा आणि १७९७ च्या दोन ‘प्रस्तावना’ घ्या. ब्रेझील यांच्या इंग्रजी अनुवादात त्या एकत्र मिळतात. पहिली छोटी आहे, एका आठवड्यात दोनदा वाचून होते.

फिख्तेचा ‘मी’ म्हणजे केप्यात राहणारी, पत्र लिहिणारी अमुक व्यक्ती नव्हे. त्याच्या वर्गात बसलेल्या हेन्रिक स्टेफेन्सने आठवण लिहून ठेवली आहे : फिख्ते विद्यार्थ्यांना म्हणे, भिंतीचा विचार करा; मग म्हणे, आता भिंतीचा विचार करणाऱ्याचा विचार करा. दुसऱ्या सूचनेला मुले गोंधळत, कारण ज्याला पकडायचे तोच पकडणारा. जाणीव करणे आणि जाणिवेला स्वतःची जाणीव असणे ही दोन वेगळी कामे नसून एकच कृती आहे. त्या कृतीला फिख्ते ‘मी’ म्हणतो. ती वस्तू नाही, म्हणून ती जग ‘तयार’ करते म्हणणे म्हणजे तिला कारागीर समजणे. शिवाय त्या कृतीला अडवणारे काहीतरी असावेच लागते, हेही फिख्तेच सांगतो. अडथळ्याशिवाय ‘मी’ स्वतःकडे परततच नाही.

फिख्ते इथवर का आला, ते कळायला मधली दहा वर्षे माहीत हवीत. १७८७ मध्ये याकोबी या समकालीन टीकाकाराने कांटच्या वर्मावर बोट ठेवले : वस्तू स्वतःत काय हे अज्ञेय, आणि कार्यकारणभाव फक्त अनुभवापुरता, मग ती अज्ञेय वस्तू आपल्या इंद्रियांवर परिणाम करते, असे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता? हे गृहीत धरल्याशिवाय कांटच्या घरात शिरता येत नाही, आणि धरले तर तिथे राहता येत नाही, असा त्याचा टोमणा होता. पुढे राइनहोल्डने सगळ्या प्रणालीला एकच पाया द्यायचा प्रयत्न केला आणि १७९२ मध्ये शुल्झने तो उखडला. फिख्तेने बाहेरची अज्ञेय वस्तूच काढून टाकली. हा मधला काळ नीट वाचायचा तर बायझर यांचे ‘द फेट ऑफ रीझन’ घ्या. जाडजूड आहे, पण याकोबीवरचे प्रकरण सुटे वाचता येते.

प्रश्न : एम.ए.च्या परीक्षेसाठी हेगेलचा थीसिस-अँटिथीसिस-सिंथेसिस हा सिद्धान्त दहा गुणांत कसा लिहावा?
— एक विद्यार्थिनी, पर्वरी

उत्तर : हेगेलचा म्हणून लिहूच नये. हे तीन शब्द पद्धत म्हणून फिख्तेने १७९४ च्या ग्रंथात वापरले. हेगेलच्या गळ्यात ते घातले त्याच्या मृत्यूनंतर, १८३७ च्या सुमारास, खालिबॉयस नावाच्या प्राध्यापकाने. पाठ्यपुस्तकांनी ते उचलले. हेगेल स्वतः तर फेनोमेनॉलॉजीच्या प्रस्तावनेत तिहेरी साच्यात सगळे कोंबण्यावर चिडून टीका करतो.

दहा गुणांसाठी हेगेलच्या ‘एन्सायक्लोपीडिया’च्या तर्कशास्त्रातली ७९ ते ८२ ही चार कलमे वाचा, पाचसहा पाने आहेत. तिथे विचाराचे तीन क्षण सांगितले आहेत. आकलन कल्पनांना वेगवेगळे आणि पक्के धरते. द्वंद्वात्मक क्षणी ती पक्की धरलेली कल्पना स्वतःच्याच आशयामुळे आपल्या विरुद्धात जाते. आणि त्या विरोधातली एकता जो विचार पकडतो तो तिसरा. विरोध बाहेरून आणून समोर ठेवायचा नसतो, हा मुद्दा उत्तरात यायलाच हवा. उदाहरणासाठी ८६ ते ८८ : निव्वळ ‘असणे’ घ्या. त्याला कोणताही गुण नाही, म्हणून त्यात विचार करण्यासारखे काही उरत नाही. म्हणजे तेच ‘नसणे’. दोन्ही एकमेकांत नाहीशी होतात, आणि ते नाहीसे होणे म्हणजे ‘होणे’. वॉलेस यांचा जुना अनुवाद फुकट मिळतो, कलमांचे आकडे त्यात आहेत. कलमांखालची ‘पुरवणी’ विद्यार्थ्यांच्या वह्यांतून जोडलेली असते. ती समजायला सोपी असली तरी उद्धृत करताना ‘पुरवणी’ असा उल्लेख करावा.

प्रश्न : ‘प्रोलेगोमेना’ आणि पहिल्या चिकित्सेचे काही भाग वाचून झाले आहेत. आता फेनोमेनॉलॉजी प्रत्यक्षात कशी वाचावी?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ७३ ते ८९ वाचा, दर बैठकीला तीन परिच्छेद. मग ९० ते ११०, इंद्रियनिश्चिततेचे प्रकरण. ९५ व्या परिच्छेदात हेगेल एक प्रयोग सांगतो, तो खरोखर करा. रात्री कागदावर लिहा : ‘आता रात्र आहे.’ सत्य लिहून ठेवल्याने बिघडू नये. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कागद काढा. सत्य शिळे झालेले असेल. ‘आता’ या शब्दाने मला अगदी नेमका हा क्षण धरायचा होता, आणि हाती आले ते कोणत्याही क्षणाला लागू पडणारे सामान्य. सर्वांत श्रीमंत वाटणारे ज्ञान सर्वांत गरीब निघते.

पुढे जाताना समासात दोन खुणा करा. ग्रंथात दोन आवाज आहेत : एक त्या-त्या पायरीवरची जाणीव, जिला आपले म्हणणे खरे वाटते, दुसरा ‘आपण’, म्हणजे हेगेल आणि वाचक, ज्यांना त्या जाणिवेच्या पाठीमागे काय चालले आहे ते दिसते. कोणते वाक्य कुणाचे, हे न ठरवता वाचले तर हेगेल दर दोन पानांनी स्वतःच्या विरुद्ध बोलतो असे वाटते. लोक हेगेलची म्हणून जी वाक्ये उद्धृत करतात त्यांतली कितीतरी त्या अपुऱ्या जाणिवेची असतात.

यानंतर १६६ ते १९६. धनी आणि दास यांचा प्रसिद्ध भाग १७८ पासून सुरू होतो. तो वर्गसंघर्षाचे वर्णन म्हणून वाचायची घाई नको. धन्याला मान्यता मिळते, पण ज्याला तो माणूस मानत नाही त्याच्याकडून. म्हणून ती कुचकामी. दासाला मात्र वस्तूवर राबताना आपली कृती बाहेर टिकून राहिलेली दिसते. एवढी गाठ सुटली की तिथे थांबून मागे, सोडून दिलेल्या प्रस्तावनेकडे जायला हरकत नाही. ‘फोर्स अँड अंडरस्टँडिंग’ हे मधले प्रकरण पहिल्या फेरीत गाळा. त्याला त्या काळच्या भौतिकशास्त्राची माहिती लागते.

प्रश्न : शेलिंग वगळला तर चालेल का?
— एक वाचक, सांगे

उत्तर : पहिल्या वर्षी चालेल. नंतर १८०० च्या ‘सिस्टिम ऑफ ट्रान्सेन्डेन्टल आयडियलिझम’ची प्रस्तावना आणि शेवटचा कलेवरचा भाग तेवढा वाचा. स्वातंत्र्यावरचा १८०९ चा निबंध छोटा दिसतो म्हणून त्यापासून सुरुवात करणारे बरेच असतात. तो चौघांच्याही लेखनातल्या अवघड मजकुरांपैकी एक आहे.

प्रश्न : आम्ही सात जण दर पंधरवड्याला जमून कांट वाचणार आहोत. दोघांकडे जुना केम्प स्मिथ, तिघांकडे नवा केंब्रिजचा अनुवाद, आणि आमच्यातले एक ज्येष्ठ पोर्तुगीजमधून वाचतात. सगळ्यांनी एकच प्रत घ्यावी का? बैठक कशी चालवावी?
— वाचनमंडळ, वास्को

उत्तर : एकच प्रत घेऊ नका. केम्प स्मिथचा १९२९ चा अनुवाद वाचायला प्रवाही आहे, पण कांटची अडखळती वाक्ये तो गुळगुळीत करतो. गायर आणि वुड यांचा १९९८ चा केंब्रिज अनुवाद मूळ रचनेला धरून राहतो, म्हणून जडही वाटतो. लिस्बनच्या गुल्बेंकियन प्रतिष्ठानने काढलेला पोर्तुगीज अनुवाद तुमच्या ज्येष्ठांकडे असेल तर ते तुमचे भाग्यच समजा. एखादे वाक्य दोन्ही इंग्रजी अनुवादांत संदिग्ध असेल तेव्हा त्यांना विचारा : पोर्तुगीजमध्ये सर्वनामे आणि विशेषणे लिंगानुसार बदलतात, त्यामुळे ‘ते’ म्हणजे नेमके कोण, हे अनुवादकाला ठरवावेच लागते. इंग्रजीत ‘इट’ लिहून सुटता येते. अर्थात तोही एका अनुवादकाचा निर्णय, तेव्हा पुरावा म्हणून नव्हे, सूचना म्हणून घ्यावा.

पानाचा उल्लेख नेहमी ‘ए-बी’ आकड्यांनीच करा, नाहीतर पहिली पंधरा मिनिटे पान शोधण्यात जातील. एका बैठकीला मूळची आठ ते दहा पाने, त्याहून जास्त नाही, आणि वेळ दोन तास. एकाने आधीच्या आठवड्यात युक्तिवाद क्रमांक घालून एका कागदावर उतरवून आणायचा. पहिला तासभर फक्त ‘कांट इथे काय म्हणतो’ यावर. ‘मला पटत नाही’, ‘शंकराचार्यांनीही हेच’ आणि ‘आजचे मेंदूविज्ञान म्हणते’ ही तिन्ही वाक्ये दुसऱ्या तासासाठी राखून ठेवा. मंडळे मोडतात ती बहुधा वेगळ्याच कारणाने : सगळ्यांत जास्त वाचलेला माणूस दर वेळी बोलतो आणि बाकीचे ऐकणारे होतात. मांडणीची पाळी फिरती ठेवा, आणि त्या जाणत्या माणसाला कागद उतरवण्याऐवजी शंका लिहून ठेवण्याचे काम द्या. उत्तर न सापडलेल्या शंकांची ती यादी डिडक्शनला पोचाल तेव्हा पुन्हा काढा. निम्म्याअधिक तिथल्याच असतील.